अंगणातील आनूप देश : गोगलगाय, शेंबी आणि वनौषधी वाटिकेचे पाणी

वर्षा ऋतूस आरंभ झाला की आमच्या सभासद वैद्यबंधु-भगिनींकडून एक पृच्छा हमखास येते. चिकित्सालयाच्या मागील अंगणात हौसेने लावलेल्या ब्राह्मीच्या, मंडूकपर्णीच्या किंवा पानओव्याच्या वाफ्यात रातोरात पानांची चाळणी होते; सकाळी मातीवर आणि कुंड्यांच्या कडांवर वाळलेल्या लाळेचे चकचकीत पट्टे दिसतात; यावर काय टाकावे? या पृच्छेतील 'काय टाकावे' हे दोन शब्द आम्हास थोडे खटकतात. मीठ टाकावे, चुना टाकावा की कृषी सेवा केंद्रातून विषारी गोळ्या आणून टाकाव्यात, एवढाच जणू निवड करण्याचा विषय आहे! टाकण्याच्या द्रव्यांविषयी आम्ही पुढे लिहिणार आहोतच. परंतु लातूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न किडीचा कमी आणि पाण्याचा अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत असल्यामुळे आधी त्या प्राण्याचे पाण्याशी असलेले नाते समजून घेणे आवश्यक वाटते.

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण गरीब दिसणाऱ्या लबाड माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती अक्षरशः खरी आहे. मृदुकाय प्राण्यांच्या ज्या वर्गात गोगलगाय मोडते त्याचे नावच 'उदरपाद' असे आहे. पोटाखालचा सपाट मांसल भाग हाच तिचा पाय. या पायातून स्रवणाऱ्या चिकट श्लेष्म्यावर ती सरकते, आणि प्रत्येक वीतभर प्रवासासाठी तिला आपल्या शरीरातील पाणी खर्चावे लागते. शंख असलेली गोगलगाय ऊन चढले की आत शिरून तोंड बंद करू शकते. शंख नसलेली शेंबी तेही करू शकत नाही. तिच्या शरीराचा चार-पंचमांशाहून अधिक भाग पाणीच असून त्वचेवर कसलेही कवच नसते. त्यामुळे ती दिवसा कुंडीखाली, विटेखाली, पालापाचोळ्यात दडते आणि रात्री ओलाव्याच्या वाटेने बाहेर पडते. गेलेले पाणी ती तोंडाने पिऊनच भरून काढते असे नाही. ओल्या पृष्ठभागावर नुसती पसरून पडली तरी पायाच्या त्वचेतून पाणी शोषून घेते. ओली माती हे तिचे अन्न नसले तरी तिचा पाणवठा निश्चितच आहे.

महाराष्ट्रातील बागांतून जी काळसर, चपटी, पाठीच्या मधोमध फिकट रेघ असलेली शेंबी आढळते तिचे शास्त्रीय नाव 'लेव्हिकॉलिस आल्टे' असे आहे. मोठा, तपकिरी पट्ट्यांचा, टोकदार शंख मिरवणारी ती 'लिसाकॅटिना फ्युलिका', म्हणजेच आफ्रिकन शंखी गोगलगाय. दोघीही मूळच्या आफ्रिकेतील आहेत. शंखी गोगलगाय भारतात कशी आली याची कथा बागप्रेमींनी ऐकण्यासारखी आहे. शंख-शिंपल्यांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी १८४७ मध्ये मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्यास आणल्या आणि त्या तेथील चौरंगी भागातील एका बागेत सोडल्या गेल्या. पुढचे काम गोगलगायींनी स्वतःच केले. प्रत्येक प्राणी उभयलिंगी असल्यामुळे अंडी कोणीही घालू शकतो. एका खेपेस शंभराहून अधिक, कधी तीनशे-चारशेपर्यंत, साबुदाण्यासारखी अंडी भुसभुशीत ओल्या मातीत घातली जातात आणि साधारण आठ ते पंधरा दिवसांत ती फुटतात. प्रतिकूल काळात हा प्राणी शंखाचे तोंड वाळलेल्या श्लेष्म्याच्या पापुद्र्याने बंद करून महिनोन्‌महिने निश्चल पडून राहतो. आपल्या काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगा, बांध, दगडांचे ढीग हे त्याचे सुरक्षित निवासस्थान होय. शंखासाठी लागणारा चुनाही या चुनखडीयुक्त जमिनीत मुबलक आहे.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मांसवर्गाचे विवेचन करताना शंख, शुक्ति, शंबूक इत्यादींचा 'कोशस्थ' असा गण केला असून तो आनूप वर्गात घातला आहे. हे प्राणी आनूप देशाचे, म्हणजे जलबहुल, सावलीच्या, मंद वाऱ्याच्या प्रदेशाचे. त्यांचे गुणही शीत, स्निग्ध व श्लेष्मवर्धक असेच सांगितले आहेत. लातूर हा आनूप देश नव्हे. वर्षाकाठी सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत आणि अनेकदा दगा देणारा. उरलेले आठ महिने कोरडा वारा आणि प्रखर ऊन. ग्रंथोक्त परिभाषेत हा जांगल देश किंवा फार तर साधारण देश ठरेल. मग जांगल देशात राहणाऱ्या वैद्याच्या अंगणात आनूप प्राणी सुखाने कसे नांदतात? उत्तर सोपे आहे. आपण दररोज सायंकाळी नळीने पाणी सोडून दहा फूट लांबी-रुंदीचा एक आनूप देश स्वहस्ते निर्माण करतो. शेंबी ही त्या देशाची प्रजा आहे.

त्याच सूत्रस्थानातील भूमिप्रविभागविषयक अध्यायात औषधीसंग्रहासाठी कोणती भूमी व कोणती वनस्पती योग्य हे सांगताना, कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी इत्यादींनी जिला बाधा झालेली नाही अशीच औषधी घ्यावी असा दंडक घालून दिला आहे. ही यादी आपण विद्यार्थीदशेत पाठ करतो आणि विसरतो. तिच्यातील तीन पदांवर, म्हणजे कृमी, विष आणि तोय यांवर, प्रस्तुत विषय संपूर्ण उभा आहे. गोगलगायीने कुरतडलेले पान ग्राह्य नाही. तिला मारण्यासाठी विष टाकलेल्या वाफ्यातील पानही ग्राह्य नाही. आणि या दोन्ही आपत्ती जिच्यामुळे येतात ती पाण्याची अतिरिक्तता हाही स्वतंत्र दोषच मानलेला आहे.

ओलावा वाढला की हा प्राणी काय करू शकतो याचा धडा आपल्या जिल्ह्याने २०२२ च्या खरिपात घेतला. मृगाच्या पेरणीनंतर सोयाबीन नुकतेच दोन दळांवर आले असताना लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या तीन जिल्ह्यांत शंखी गोगलगायींचे अक्षरशः थवे शेतात उतरले. त्यातच जुलैमध्ये पावसाची झड लागून राहिली. दिवसासुद्धा जमीन वाळेना, म्हणजे गोगलगायीस दडून बसण्याचे कारणच उरले नाही. कोवळे रोप दळांखाली कुरतडले की ते पुन्हा फुटत नाही. अनेक शेतकऱ्यांना दुबार, तर काहींना तिबार पेरणी करावी लागली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी शेताच्या पाहण्या करून उपाययोजना सुचविल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने या तीन जिल्ह्यांतील बाधित शेतकऱ्यांसाठी आर्थिक मदत जाहीर केली. गोगलगायीने पीक खाल्ले म्हणून शासकीय मदत! त्यापूर्वी कोणी असे म्हटले असते तर आम्ही तरी हसण्यावारी नेले असते.

याच जिल्ह्याने त्याआधी अवघ्या सहा वर्षांपूर्वी दुसरे टोक पाहिले होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा प्रकल्प कोरडा पडला, मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचा आदेश लागू झाला आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली 'जलदूत' ही रेल्वेगाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात दाखल झाली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि शंभरांहून अधिक खेपा झाल्या. त्या उन्हाळ्यात अंगणातील तुळस जगविणे हीसुद्धा चैन वाटत होती. पिण्याच्या पाण्याची चिंता असता ब्राह्मीच्या वाफ्याला कोण विचारतो?

ही दोन टोके आम्ही मुद्दाम शेजारी शेजारी मांडली आहेत. टंचाईच्या दिवसांनी आपल्या घरांना पाणी साठविण्याची सवय लावली. ती चांगलीच आहे. पण तिच्याबरोबर एक दुसरी सवय आली. नळाला पाणी रोज येत नाही. जेव्हा येते तेव्हा टाक्या, पिंप, हौद भरून झाल्यावर उरलेले सगळे पाणी झाडांना सोडून दिले जाते. ते बहुधा सायंकाळी किंवा रात्री असते. अर्ध्या इंची नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज येते. नळी अर्धा तास विसरली की तीन-चारशे लिटर पाणी एका वाफ्यात मुरते. आता हिशेब पाहा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दहा फूट लांब व दहा फूट रुंद वाफा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. त्याला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे ठरविले तर सेहेचाळीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या तीन घागरी, पुरे होतात. कडक उन्हाळ्यात पाच घागरी धरा. उरलेले अडीच-तीनशे लिटर पाणी झाडाच्या मुळाशी टिकत नाही. ते वरच्या थरात साचते आणि रात्रभर त्यावर शेंबी फिरते. दुष्काळी जिल्ह्यात पाणी वाया घालवून आपण कीड विकत घेतो, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

पाणी केव्हा आणि कसे द्यावे

या संपूर्ण लेखातील एकच गोष्ट वाचकांनी अमलात आणावयाची असेल तर ती ही की, सायंकाळचे पाणी बंद करून ते पहाटे किंवा सकाळी द्यावे. सकाळी दिलेले पाणी मुळांशी उतरते, दिवसभराच्या उन्हा-वाऱ्याने वरची दोन बोटे माती सुकते आणि रात्री गोगलगाय बाहेर पडते तेव्हा तिला कोरडी, खरखरीत वाट मिळते. सायंकाळच्या पाण्याने नेमके उलट होते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी लेट्यूसच्या वाफ्यांवर केलेला एक प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ पाण्याची वेळ सायंकाळऐवजी सकाळी केल्याने शेंब्यांकडून होणारे नुकसान लक्षणीय प्रमाणात घटले होते. आपल्याकडे तुळशीला सकाळी स्नानानंतर पाणी घालण्याचा प्रघात आहे. त्यामागील हेतू भक्तीचा आहे आणि त्यास कीडनियंत्रणाचा मुलामा देण्याची आमची इच्छा नाही. तथापि तुळशीवृंदावनाची माती रात्री कोरडी असते आणि मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळूखाली बाराही महिने शेंब्या सापडतात, हा फरक कोणत्याही जुन्या वाड्याच्या परसात पाहता येतो.

नळाला पाणी रात्रीच येत असेल तर काय करावे, हा प्रश्न रास्त आहे. ते साठवावे आणि सकाळी घागरीने द्यावे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ठिबक बसवावे. ठिबकने झाडाचे बूड तेवढे भिजते, मधली माती कोरडी राहते. त्याहूनही अल्पखर्चाचा मार्ग मटका सिंचनाचा. न भाजलेला नव्हे, तर भाजलेला पण बाहेरून रंग न दिलेला सच्छिद्र मटका गळ्यापर्यंत मातीत पुरून त्यात पाणी भरून ठेवले की ते भिंतींतून पाझरून थेट मुळांना मिळते आणि पृष्ठभाग कोरडा राहतो. चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या कृषिग्रंथात या पद्धतीचा उल्लेख आहे. शतावरी, अश्वगंधा, गुळवेल यांना ती फार मानवते. मटक्यावरील झाकण मात्र रोज सकाळी उचलून पाहावे. त्याखालचा गार अंधार शेंबीला प्रिय असतो, त्यामुळे ते झाकण आपोआप सापळ्याचे काम करते.

ब्राह्मी व मंडूकपर्णी या स्वतःच आनूप देशातील वनस्पती असल्याने त्यांना कोरडे ठेवून चालणार नाही. त्यांचा वाफा जमिनीवर करूच नये, असा आमचा आग्रह आहे. रुंद तोंडाच्या कुंड्या लोखंडी तिवईवर ठेवाव्यात आणि तिवईचे पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवावेत. मुंग्यांपासून दुधाचे पातेले वाचविण्याची जी युक्ती आपल्या आजीला ठाऊक होती तीच ही. वाट्यांतील पाणी दर आठवड्यास ओतून नवे घालावे, नाहीतर गोगलगाय टळेल आणि डास येतील. कुंडीभोवती तांब्याची पट्टी लावण्याचा उपाय अनेक ठिकाणी सांगितला जातो. त्याचे अनुभव संमिश्र आहेत, म्हणून आम्ही त्यावर भिस्त ठेवत नाही.

टाकण्याची द्रव्ये

मीठ गोगलगायीच्या अंगावर टाकले की ती विरघळल्यासारखी दिसते. वस्तुतः तिच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. परंतु तेच मीठ मातीत राहते. आपल्या चिकण काळ्या जमिनीत सोडियम वाढला की मातीची घडण मोडते, पाणी मुरेनासे होते, वर साचते. म्हणजे पुन्हा शेंबीचीच सोय. मीठ बादलीत असावे, वाफ्यात कदापि नसावे. चुन्याची चार बोटे रुंद पट्टी वाफ्याभोवती ओढल्यास ती कोरडी असेपर्यंत काम करते. पहिल्या सरीबरोबर तिचा प्रभाव संपतो आणि ती नव्याने ओढावी लागते.

राहिल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या. २०२२ च्या प्रादुर्भावात सोयाबीनसाठी त्यांची शिफारस झाली होती आणि शेकडो हेक्टरचे पीक डोळ्यांदेखत जात असता ती समजण्यासारखी होती. या द्रव्याने गोगलगायीच्या श्लेष्मपेशी नष्ट होतात, ती अपरिमित श्लेष्मा ओकते आणि निर्जलीकरणाने मरते. म्हणजे विषाचे कार्यही पाण्याच्याच मार्गाने चालते. म्हणूनच ओली हवा व ओली माती असेल तर अर्धवट विषबाधा झालेली शेंबी पाणी शोषून पुन्हा सावरते. ज्या वाफ्यात विषाची गरज सर्वाधिक वाटते तेथेच त्याचा भरवसा सर्वांत कमी, असा हा प्रकार आहे. कुत्र्यांना हे विष अत्यंत घातक असून ग्रेट ब्रिटनमध्ये पक्षी व अन्य प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळे २०२२ च्या वसंत ऋतूपासून त्याच्या उघड्यावरील वापरावर बंदी आहे. शेतातील पिकाचा निर्णय शेतकऱ्याने कृषी तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा. त्यात आम्ही पडत नाही. परंतु ज्या वाफ्यातील पान उद्या रुग्णाच्या पोटात जावयाचे आहे तेथे या गोळ्यांना स्थान नाही.

मग उरतो तो हाताने वेचण्याचा जुना उपाय. सायंकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला अंथरावे, त्याखाली पपईची पाने ठेवावीत. शंखी गोगलगायीस ती विशेष आवडतात. पहाटे गोणपाट उलटून खाली जमलेले प्राणी चिमट्याने अथवा हातमोजे घालून उचलावेत आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकावेत. मेलेले प्राणी खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. वाफ्यातच पायाखाली चिरडू नयेत आणि मुलांना या कामास लावू नये. कारण पुढे येणार आहे. माती उकरताना साबुदाण्यासारख्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तो उन्हात पसरावा. हा उद्योग पहिल्या पावसानंतरचे तीन आठवडे नेटाने केला तर पुढचा हंगाम सुसह्य होतो. भारद्वाज पक्षी गोगलगायी फोडून खातो आणि काजव्यांच्या अळ्याही त्यांच्यावर जगतात, त्यामुळे परसातील झुडुपे सरसकट तोडू नयेत. बाहेरून शत्रू आणण्याचा मोह मात्र नको. हवाई बेटांवर १९५५ मध्ये शंखी गोगलगायीचा नायनाट करण्यासाठी दुसरी मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. तिने शंखीला सोडून तेथील दुर्मीळ स्थानिक गोगलगायीच संपविल्या.

वेचलेल्या शंखांचे भस्म करता येईल काय, हाही प्रश्न वैद्याच्या मनात सहज येतो. शंखभस्मासाठी समुद्रातील शंख आणि परिणामशूलात सांगितलेल्या शंबूकभस्मासाठी गोड्या पाण्यातील शंबूक आपण वापरतो. शंखी गोगलगाय या देशात १८४७ नंतरची. ग्रंथकारांनी ती पाहिलेली नाही. रासायनिकदृष्ट्या तिचा शंखही खटिक कार्बोनेटचाच असला तरी ग्रंथोक्त द्रव्याच्या जागी तो घेण्यास आधार नाही. शेतातून गोळा केलेल्या शंखांवर विषाचा अंश असण्याची शक्यता निराळीच. तेव्हा हा विचार सोडून द्यावा हे बरे.

स्वरसाचा प्रश्न

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी ही लेखणी उचलली त्याकडे येतो. उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा 'अँजिओस्ट्रॉन्जिलस कँटोनेन्सिस' नावाचा एक सूत्रकृमी आहे. १९३५ मध्ये चीनमधील कँटन येथील उंदरांत तो प्रथम वर्णिला गेला. त्याच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गोगलगाय व शेंबी यांच्या शरीरात वाढतात आणि तो प्राणी उंदराने खाल्ला की चक्र पूर्ण होते. मनुष्य या चक्रात चुकून शिरतो. अळी आतड्यातून रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते आणि मस्तिष्कावरणाचा शोथ उत्पन्न करते. २००६ मध्ये बीजिंग येथे अर्धवट शिजवलेल्या गोड्या पाण्यातील गोगलगायी खाल्ल्याने सुमारे एकशे साठ लोक आजारी पडले. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये मित्रांच्या आग्रहाखातर एका तरुणाने बागेतील शेंबी गिळली. तो दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत राहिला, पुढे पंगू झाला आणि २०१८ मध्ये मरण पावला. भारतात केरळमधूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. आफ्रिकन शंखी गोगलगाय आणि आपल्या बागांतील काळी शेंबी या दोघीही या कृमीच्या वाहक ठरू शकतात.

आपण गोगलगाय खात नाही, मग आपला काय संबंध, असे वाटेल. संबंध स्वरसाशी आहे. पंचविध कषायकल्पनांत स्वरस ही आद्य कल्पना. ताजी वनस्पती कुटून वस्त्रातून पिळून काढलेला, अग्निसंस्कार न झालेला रस. ब्राह्मीच्या दाट जुडीत नखाएवढे शेंबीचे पिलू सहज दडलेले असते. ते खलबत्त्यात पानांबरोबर कुटले गेले तर दिसतही नाही, आणि वस्त्रगाळ केल्याने सूक्ष्म अळ्या अडतीलच अशी खात्री नाही. वाळलेल्या लाळेपासून असलेला धोका त्या मानाने कमी समजला जातो. कुटलेल्या प्राण्याचा धोका खरा आहे. हा स्वरस आपण बहुधा लहान मुलांना आणि विद्यार्थ्यांना देतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे असे. जमिनीलगत वाढलेल्या व रात्री ओल्या राहिलेल्या वाफ्यातील ब्राह्मी, मंडूकपर्णी यांचा कच्चा स्वरस देऊ नये. द्यावयाचाच झाला तर वनस्पती तिवईवरील कुंडीतील असावी. जुडी सोडवून प्रत्येक फांदी सुटी करावी, पाने दोन्ही बाजूंनी पाहावीत, वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि कुरतडलेले किंवा लाळेचा पट्टा असलेले पान टाकून द्यावे. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून ठेवल्याने अळ्या मरतातच असे नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये. खात्रीचा उपाय अग्नी हाच. क्वाथ आहे, घृतकल्पना आहे. ब्राह्मीघृत सिद्ध होताना द्रव्यास पुरेसा पाक मिळतो. स्वरसाचाच आग्रह असेल तर आपल्याकडे पुटपाक आहे. पानांच्या वेष्टनात गुंडाळून, मातीचा लेप देऊन, अग्नीत भाजून मग रस पिळण्याची ही विधी आपण प्रात्यक्षिक परीक्षेनंतर क्वचितच करतो. ती पुन्हा हाती घेण्यास हे एक सबळ कारण आहे. अंगणात धान्याची पोती, उष्टे-खरकटे किंवा उंदरांची बिळे असतील तर त्यांचाही बंदोबस्त करावा, कारण उंदीर नसेल तेथे हे चक्र चालत नाही.

आणि चिकित्सालयात बसलेले असता एखादा रुग्ण तीव्र शिरःशूल, मानेचा ताठरपणा, उलट्या आणि त्वचेवर ठिकठिकाणी मुंग्या किंवा स्पर्शही सहन न होणे अशा तक्रारी घेऊन आला, तर गेल्या एक ते तीन आठवड्यांत त्याने कच्चा पाला, कोशिंबीर अथवा घरच्या बागेतील ताजा रस घेतला होता काय, हे अवश्य विचारावे. ज्वर अल्प असतो किंवा नसतोही, त्यामुळे केवळ तापावरून निर्णय करू नये. अशा रुग्णावर आपल्या चिकित्सालयात प्रयोग न करता त्यास त्याच दिवशी मज्जासंस्थेच्या तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. निदान मस्तिष्कजलातील इओसिनोफिल पेशींवरून सुचते, पण तेथील डॉक्टरांना गोगलगायीचा संशय आपण होऊन येईलच असे नाही. तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत रस कोणत्या वनस्पतीचा, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वाफ्यातील घेतला याची नोंद करून द्यावी.